पहिला नकार

रविवार, ३० नोव्हेंबर १९५८. दुपारचे बारा वाजून चाळीस मिनिटे झाली होती, आणि असोद्याच्या शिवारात, केळीच्या बागेला लागून असलेल्या मोकळ्या जागेत, जळगावच्या एका तेलगिरणीची चौतीस माणसे भरताच्या पंगतीला बसली होती. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या जाळावर भाजलेल्या वांग्यांचा धूर अजून बागेच्या कडेला रेंगाळत होता. केळीच्या पानांवर हिरव्या मिरचीचे भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि पातीचा कांदा पडला होता. गिरणीचा इंजिनियर अभिमन गिरधर पाटील पंगतीच्या मधोमध, मांडी घालून, थोडा अवघडून बसला होता. तीन वर्षे जर्मनीत खुर्चीवर बसून जेवल्यामुळे त्याचे गुडघे अजून पुरते वळत नव्हते, आणि ही गोष्ट कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून तो पाठ फार ताठ ठेवत असे. त्याच्या उजव्या हाताला तोताराम नाना होते, काट्यावर सरकीची पोती तोलण्यात आयुष्य घालवलेले. फिटर चिंधा आज वाढपी झाला होता. पितळी बादली घेऊन तो दुसऱ्या फेरीला आला.

"घ्या नाना."

"नको रे बाप, नको! आते पोटमा जागा नही. मरी जासू ना!" नानांनी पानावर हात आडवा धरला.

"मरा खुशाल. तेराव्यालाही भरीतच करू." चिंधाने त्या हातावरच डाव उपडा केला. भरीत बोटांच्या फटींतून पानावर उतरले. पंगत खदखदून हसली. नानांनी चिंधाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, बोटे चाटली आणि नवी भाकरी मोडली.

बादली पुढे सरकली. "नको," अभिमन म्हणाला. चिंधाने मान लववली आणि तो पलीकडच्या पानाकडे वळला.

"अरे, सायेबले वाढ ना!" नाना म्हणाले.

"साहेबांचं नको म्हणजे नको असतं, नाना. साहेब जर्मनीत शिकलेत. तुमच्यासारखं फसवं काम नाही त्यांचं."

यात टोमणा नव्हता. चिंधा आदराने बोलला होता, आणि अभिमनला तो आदर गेली दीड वर्षे आवडतही आला होता. गिरणीत रुजू झाल्यापासून त्याने शिस्त घालून दिली होती की विचारायचे ते एकदा, सांगायचे ते एकदा, आणि माणसाने जे तोंडाने सांगितले तेच त्याचे म्हणणे समजायचे. पण आज त्याला भूक होती. त्याला आणखी भरीत हवे होते. नको म्हणताना जीभ आपोआप वळली होती, लहानपणी वळे तशी, आणि वाढणाऱ्याने ऐकू नये अशी अपेक्षाही कुठेतरी आत, तिच्यासोबतच, आपोआप उठली होती. त्याने नानांच्या हाताकडे पाहिले. हात आडवा होता, पण बोटे मिटलेली नव्हती. ज्याला खरोखर थांबवायचे असते तो बोटे जुळवून झाकण करतो. फटी ठेवलेले झाकण कोणी करत नाही. ही इतकी साधी गोष्ट आपण किती वर्षे विसरलो होतो, असे त्याच्या मनात आले, आणि पाठोपाठ, कोणी छातीवर बोट टेकवून मागे ढकलावे तसे, त्याला शिंदखेड्याचे दार आठवले. दसऱ्याच्या दिवशीचे. दारात उभी असलेली अक्का.

तो ताक येण्याआधीच उठला. पोटात दुखते असे काहीतरी त्याने सांगितले, आणि ते सर्वांनी पहिल्याच सांगण्यात खरे मानले. शिंदखेड्याच्या गाडीसाठी सायकलवरून स्टेशनकडे जाताना त्याला जाणवले की मागून कोणीही हाक मारली नाही. "बसा हो, असं कसं उठता," असे कोणी म्हटले नाही. असे न म्हणण्याची सवय त्यानेच त्यांना लावली होती.

अक्का म्हणजे वच्छलाबाई, त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा अभिमनला धड बोलताही येत नव्हते, आणि अक्काचे नुकतेच लग्न झाले होते. तिने त्याला कडेवर घेऊन शिंदखेड्याला सासरी आणले. सासूने कपाळाला हात लावला, तेव्हा अक्का म्हणाली होती म्हणे, की हा माझ्या ताटातले खाईल, वेगळे ताट मांडू नका. पुढे सासू गेली, नवरा गेला, मूल झाले नाही, आणि त्या घरात अभिमन तेवढा वाढत राहिला. शिंदखेड्याची शाळा, धुळ्याचे हायस्कूल, मुंबईचे तांत्रिक कॉलेज आणि शेवटी परदेशची शिष्यवृत्ती, प्रत्येक वेळी अक्का स्टेशनवर यायची, रडायची नाही, आणि गाडी हलताना एकच वाक्य बोलायची, "खाय लेत जाय." धुळ्याच्या हायस्कुलात भिकन मास्तर गणित शिकवीत. फळा भरला की ते वळून विचारत, "समजलं का?" सगळा वर्ग एका सुरात "हो" म्हणे. त्या "हो" ला मास्तरांनी कधी किंमत दिली नाही. ते चष्म्यावरून एकेका चेहऱ्यावर नजर फिरवीत, आणि ज्याला समजले नाही तो कोण हे ओळखून त्याचा कान धरीत. "पाटील, तुझ्या डोळ्यांत अंधार आहे. पुढे ये." समजले नाही असे तोंडाने सांगण्याची वेळ त्या वर्गात कोणावर कधी आली नाही. अभिमनला वाटे, जगातले सगळे शिक्षक असेच असतात, आणि सगळी माणसेसुद्धा.

डार्मस्टाटच्या तांत्रिक विद्यापीठात पहिल्याच आठवड्यात हा समज मोडला. तिथे व्याख्यान संपले की विद्यार्थी बोटांच्या पेरांनी बाकांवर ठोकत, तीच तिथली वाहवा. शहराचा अर्धा भाग अजून बॉम्बच्या पडझडीत होता, आणि त्या ठोकण्याच्या आवाजात त्याला सुरुवातीला भिंती कोसळल्याचा भास होई. प्राध्यापक खडू खाली ठेवून विचारत, "कोणाला शंका?" अभिमनला शंका असत. भाषा कच्ची होती, उष्णतावहनाची समीकरणे डोक्यावरून जात होती. पण थोरांपुढे लगेच तोंड उघडणे हा उर्मटपणा, हे त्याच्या हाडात होते. तो गप्प बसे आणि प्राध्यापकांनी आपल्या चेहऱ्याकडे पाहावे म्हणून वाट बघे. प्राध्यापक पाहत नसत. शंका नाही म्हणजे नाही. पहिल्या परीक्षेत तो नापास झाला, तेव्हा प्राध्यापकांनी त्याला बोलावून अत्यंत सौजन्याने विचारले, "पण तुम्ही सांगितले का नाही?" त्यांच्या निळ्या डोळ्यांत रागाचा लवलेश नव्हता. एक निखळ आश्चर्य होते. त्या आश्चर्यापुढे अभिमनला जी लाज वाटली, ती भिकन मास्तरांच्या माराने कधी वाटली नव्हती.

दुपारची पॅसेंजर पाळधी सोडून धरणगावकडे निघाली होती. दोन्ही बाजूंना कपाशी फुटली होती, वेचणाऱ्या बायका कमरेला ओटी बांधून ओळीत वाकल्या होत्या. कपाशी वेचायची आहे, हेच अक्का म्हणाली होती. दसऱ्याला तो सकाळी गेला होता. अक्काचा आवाज बसला होता, वाळल्या पानावरून कोणी पाय ओढावा तसा येत होता. डाव्या जबड्याखाली लिंबाएवढी गाठ होती आणि तिने पदर तिच्यावरून घट्ट ओढून घेतला होता. "हे काय?" त्याने विचारले. "काही नही रे, सरदीनी गाठ." जेवताना तिने भाकरी दुधात कुस्करली, दोन घास घेतले आणि ताट सरकवले. तेव्हा त्याने, स्वच्छ, समजूतदार, पुस्तकी मराठीत, तिला सांगितले होते, "अक्का, हे मुंबईला मोठ्या इस्पितळात दाखवले पाहिजे. मी रजा काढतो. येशील का माझ्याबरोबर?" अक्का जमिनीकडे पाहत म्हणाली, "नको रे भाऊ. कपाशी येचानी शे. तुले कसाले तरास?" आणि तो म्हणाला होता, "बरं. तुझी इच्छा." संध्याकाळच्या गाडीने तो परतला होता. त्या परतीच्या प्रवासातली आपली मनःस्थिती त्याला आता अगदी स्पष्ट आठवली, आणि ती आठवू नये म्हणून त्याने खिडकीबाहेर पाहिले, तरी ती आठवतच राहिली. त्याला समाधान वाटले होते. एका अडाणी विधवा बाईच्या निर्णयाचा आपण मान राखला, तिच्यावर दडपण आणले नाही, असे ते समाधान होते. दुसऱ्या कोणत्याही भावाने हात धरून ओढले असते, शपथा घातल्या असत्या, आरडाओरडा केला असता. आपण तसे केले नाही, म्हणजे आपण शिकलो, असे त्याला वाटले होते.

आणि हे शिकणे त्याला फुकट मिळाले नव्हते. वसतिगृहात त्याच्या खोलीत क्लाउस नावाचा जर्मन मुलगा होता. त्याने एका रविवारी अभिमनला घरी कॉफीला नेले. क्लाउसच्या आईने आलुबुखाराचा केक केला होता, त्याच्या वासाने खोली भरली होती. अभिमनने सकाळपासून काही खाल्ले नव्हते, मुद्दाम, पाहुणचाराला जायचे म्हणून. बाईंनी ताटली पुढे केली. "नको, आभारी आहे," तो म्हणाला आणि त्याने दुसऱ्या विचारण्यासाठी चेहरा तयार ठेवला. "बरं," बाई म्हणाल्या आणि ताटली क्लाउसकडे गेली. तिथून ती त्याच्या बहिणीकडे गेली, आणि रिकामी होऊन आत गेली. दोन तास अभिमन कॉफी पीत हसत राहिला. बाई मायाळू होत्या, पुढे हिवाळ्यात त्यांनी स्वतः विणलेला मफलर त्याला पाठवला. पण त्या दिवशी तो उपाशी परतला, आणि वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात कोरडा पाव खाताना त्याने ही हकिकत बेहरूझला सांगितली. बेहरूझ इराणचा, इस्फहानचा. तो टेबलावर डोके ठेवून हसला. त्याचेही पहिल्या महिन्यात असेच झाले होते. "आमच्याकडे पहिला नकार कोणी मोजतच नाही," तो म्हणाला. "ती नुसती कडी वाजवणे असते. कडी वाजली म्हणून कोणी पाहुणा परत जातो का?" क्लाउसही परतला होता आणि चहा ढवळत ऐकत होता. त्याने खऱ्या जिज्ञासेने विचारले, "मग तुमच्याकडे ज्याला खरोखर नको असते, तो काय म्हणतो?"

"तोही नकोच म्हणतो," अभिमन म्हणाला. "वाढणाऱ्याला कळते."

"कसे कळते?"

बेहरूझने अभिमनकडे पाहिले आणि अभिमनने बेहरूझकडे. कसे कळते, ते त्यांना कोणी शिकवले नव्हते, आणि जे शिकवलेले नसते ते सांगता येत नाही.

त्याच हिवाळ्यात अभिमन तापाने पडला. वर्गाला जाताना क्लाउसने दारात थांबून विचारले, "काही हवे आहे का?" अभिमन म्हणाला, "नाही." क्लाउसने दार इतक्या हळुवारपणे ओढून घेतले की कडीचा आवाजही झाला नाही. झोपलेल्या माणसाला त्रास होऊ नये ही त्याची काळजी त्या आवाजाच्या नसण्यात होती. पण अभिमनने उशीत तोंड खुपसले आणि तो रडला. आईविना वाढलेला मुलगा परमुलखात जसा रडतो तसा रडला. आजारी माणसाला कोणी विचारते का? त्याच्या उशाशी बसतात. संध्याकाळी बेहरूझ काही न विचारता वरणासारखे काहीतरी शिजवून घेऊन आला, आणि त्याने चमचा सरळ तोंडातच घातला. असे असूनही, किंवा कदाचित असे असल्यामुळेच, अभिमनने ठरवले की ही दुबळी अपेक्षा आपल्यातून उपटून काढायची. हवे तर हवे म्हणायचे, नको तर नको. तो प्राध्यापकांपुढे हात वर करू लागला. दुसऱ्या वर्षी तो वर्गात वरच्या क्रमांकावर आला. परत निघताना त्याला वाटले होते की यंत्रे तर कुठेही शिकता येतात, आपण या देशातून माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवणे शिकून चाललो. आता गाडीच्या लाकडी बाकावर बसून तो स्वतःला विचारत होता की उशीत तोंड खुपसून रडलेला मुलगा दसऱ्याच्या दिवशी कुठे गेला होता. तो दुसऱ्या बाजूला कधी गेला? दार इतक्या हळुवारपणे ओढून घ्यायला तो कधी शिकला?

शिंदखेड्याला उतरला तेव्हा ऊन कलले होते. अक्काच्या ओट्यावर शेजारची झुंबरबाई सरकी वेगळी करत बसली होती. अक्कापेक्षा वयाने मोठी, तोंडाने गावात प्रसिद्ध.

"उना का इंजनेर?" ती म्हणाली. "ना सन, ना वार. आज कसा उना?"

"अक्का कुठाय?"

"शे घरमा. आते शेतमा जास नही ती. चाली चाली दम लागस." तिने कापसाचे बोंड बाजूला टाकले आणि त्याच्याकडे रोखून पाहिले. "काय रे, तुम्हना त्या विलायतमा मानूसले एकच दाव इचारतस का?"

अभिमनने ओट्याच्या कडेला हात टेकला.

"दसराना दिन इनी पिशवी भरी ठेयेल व्हती. लुगडं, तांब्या, बठ्ठं. तू गया, टांगा टेसनकडे वळना, तवलोंग दारमा उभी. मी सांगं, अव, हाक मार ना त्याले. तं म्हने, नको, त्याले वाटी बहीन टपेलच शे."

"झुंबरबाई, गप ऱ्हाय ना व," आतून आवाज आला. तो आवाज आता वाळल्या पानाचाही उरला नव्हता, त्यात फक्त वारा होता. अक्का दारात आली. पदर गाठीवरून ओढलेला होताच, पण आता पदराला ती झाकता येत नव्हती. "उना का रे भाऊ? बस. जेवना का?"

त्याने बोलायला सुरुवात केली. आपण आग्रह करत आहोत असे त्याला वाटत होते. गाठ वाढली आहे, तो म्हणाला, अशा गाठी वेळेवर दाखवल्या तर उपाय असतो, धुळ्याला आता चांगले डॉक्टर आहेत, सकाळच्या एस.टी.ने गेले तर दुपारपर्यंत तपासणी होते, कपाशी वेचायला माणसे लावता येतात. प्रत्येक कारणाला अक्काकडे कारण होते. गाय व्यायला झाली आहे. घर कोणावर टाकायचे? तुझी नोकरी नवी आहे. आणि प्रत्येक कारणाच्या शेवटी, "नको रे भाऊ." त्याला कळले की आपण पुन्हा तेच करत आहोत, फक्त जास्त वेळ करत आहोत. कारणे देणारा माणूस समोरच्याला नकाराची जागा देत असतो. आग्रहाला कारण नसते. तो नुसता अंगावर येतो, पानावर पडतो. पण तो करायचा कसा हे अभिमनच्या अंगात कुठे उरले नव्हते, एखादे हत्यार वर्षानुवर्षे न वापरता गंजावे तसे ते झाले होते. तो थांबला. झुंबरबाईने नापसंतीने 'च्च' केले. मग त्याचे त्यालाही नीट कळण्याआधी तो उंबऱ्यावर खाली बसला, बूट न काढता, आणि कित्येक वर्षांनी ती भाषा त्याच्या तोंडातून बाहेर पडली, जी तो याच उंबऱ्यावर शिकला होता.

"अक्का, तू चालशी का नही? नही तं मी आठेच बठस. जेवाव नही. पानी बी पेवाव नही."

अक्का बघत राहिली. झुंबरबाईने तोंडाला पदर लावला.

"आसा कसा रे येडा! इतला मोठा व्हयना, बूट घालीसन उंबरावर बठस?" अक्का हसली. त्या हसण्याला आवाज नव्हता, फक्त खांदे हलले, आणि डोळे भरून आले. "चालसू बाप, चालसू. ऊठ आते."

त्या संध्याकाळी घरात सण असल्यासारखे झाले. अक्काने झुंबरबाईच्या मदतीने शेवभाजी केली, गरम भाकरी थापली. पिशवी तिने खुंटीवरून काढली तेव्हा ती रिकामी नव्हती, दसऱ्यापासून ती तशीच भरून टांगलेली होती. हे अभिमनने पाहिले आणि पाहिले नाही असे दाखवले. त्याला हलके वाटत होते. सगळे अजून जुळवता येईल असे वाटत होते. अक्काने त्याला वाढले आणि ती समोर बसून राहिली. "तूही घे ना," तो म्हणाला. "नको. मी दूध पिधं." आता तो फसणार नव्हता. आता त्याला पहिल्या नकाराची किंमत कळली होती. त्याने आपल्या ताटातली भाकरी मोडली, भाजीत बुडवली आणि घास तिच्यासमोर धरला. "नको रे भाऊ." "घे. मना हातना." "नको ना." "घे, अक्का. मनी शपथ." अक्काने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले. तो चेहरा लहान मुलासारखा झाला होता, उत्साहाने, अपराधाने. तिने घास तोंडात घेतला, कारण भावाच्या हातचा घास नाकारून त्याचे मन मोडणे तिला जमणारे नव्हते. तिने तो बराच वेळ चावला. मग गिळला. आणि तो उतरला नाही.

पुढचे काही क्षण झुंबरबाईने अक्काची पाठ धरली होती, आणि अक्काचा चेहरा आधी लाल आणि मग निळसर झाला होता. घास कसाबसा बाहेर आला, त्याबरोबर गुलाबी फेस आला. अक्काने भिंतीला टेकून डोळे मिटले आणि हातानेच खूण केली, काही नाही, काही नाही, तू जेव. अभिमनचा हात भाजीने माखलेला तसाच अधांतरी राहिला. खरोखर नको असलेला माणूस तुमच्याकडे काय म्हणतो, असे एका परक्या मुलाने चहा ढवळत विचारले होते. वाढणाऱ्याला कळते, असे उत्तर त्याने दिले होते. त्याला काहीही कळत नव्हते. दसऱ्याच्या नकारात होकार होता, तो त्याने ऐकला नाही. आजच्या नकारात नकार होता, तोही त्याने ऐकला नाही. एका मुलुखाची विद्या घेताना त्याच्या हातून दुसऱ्या मुलुखाची सुटली होती, आणि घेतलेलीही हातात धड आलेली नव्हती. झुंबरबाईने पदराने अक्काचे तोंड पुसले.

सकाळच्या एस.टी.त अक्का खिडकीशी बसली. नवे लुगडे नेसली होती. नरडाण्याच्या पुढे तिने एक शेत दाखवले, तिथे तिच्या नवऱ्याने एकदा ऊस लावला होता आणि रानडुकरांनी तो सगळा मोडला होता. ही गोष्ट ती जवळजवळ आवाजाविना सांगत होती आणि अभिमन तिच्या ओठांकडे पाहून ती समजून घेत होता. इतके बोलताना त्याने तिला कधी पाहिले नव्हते. लग्नाआधीची अक्का अशी असेल, असे त्याच्या मनात आले.

धुळ्याचे डॉक्टर प्रौढ, मितभाषी होते. त्यांनी घशात लहान आरसा घालून पाहिले, मान दोन्ही बाजूंनी चाचपली आणि अक्काला बाहेर बसायला सांगितले. मग टॉवेलला हात पुसत ते म्हणाले, "तुम्ही शिकलेले आहात, म्हणून सरळ सांगतो. हे स्वरयंत्रातून सुरू झाले आणि आता बरेच पसरले आहे. शस्त्रक्रियेची वेळ राहिलेली नाही. मुंबईला किरणांचा उपचार मिळेल. त्याने दुखणे थोडे हलके होईल. बरे होणार नाही."

"दसऱ्याला आणले असते तर?"

"तसे सांगता येत नाही."

"अंदाजाने तरी. मी इंजिनियर आहे, मला शक्यता समजतात. काही टक्के तरी..."

"पाटील," डॉक्टर शांतपणे म्हणाले, "आधी आणले असते तर बरे झाले असते. पण किती बरे, हे मी सांगितले तर ते खोटे असेल. या आजारात मागे जाऊन हिशेब मांडता येत नाही."

अभिमनला वाटले, यांनी हो म्हणावे. तूच कारण आहेस म्हणावे. किंवा नाही म्हणावे. दोन्हींपैकी काहीही एक मिळाले असते तर माणसाला ते घेऊन जगता आले असते. तो पडवीत आला. अक्का लाकडी बाकावर बसली होती, आणि तिच्या शेजारी शिरपूरकडची कोणी अनोळखी बाई कडेवर मूल घेऊन बसली होती. अक्का तिच्याकडे झुकून, श्वासाच्या आवाजात, मोठ्या कौतुकाने सांगत होती, "मी तं नको नको म्हनत व्हतू. पन ऐकस का तो? हात धरीसन लई उना. मोठा इंजनेर शे, जर्मनीमा शिकेल. पन सभाव लहानपनना तसाच."

शिरपूरच्या बाईने अभिमनकडे आदराने पाहिले आणि सरकून जागा दिली. तो बसला. पडवीत फिनेलचा वास होता. कोणाचे तरी नाव आतून पुकारले गेले. डॉक्टर काय म्हणाले हे अक्काने विचारले नाही. ती त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होती, आणि भिकन मास्तर पाहत तसे पाहून तिने उत्तर वाचले असावे.

"मुंबईला जाऊ, अक्का?" तो म्हणाला. मग ते पुसून पुन्हा म्हणाला, "अक्का, मुंबईले जाऊत."

"नको."

"चाल ना. मी संगे शे. रजा लिसू."

"नको रे."

त्याने तिचा हात धरला. हात हलका होता, उन्हात तापलेल्या काडीसारखा कोरडा आणि गरम. तिसऱ्यांदा विचारताना त्याचा आवाज फुटला, आणि शिरपूरच्या बाईने तोंड वळवून मुलाला थोपटायला सुरुवात केली. अक्काने दुसरा हात त्याच्या हातावर ठेवला.

"भाऊ," ती म्हणाली, "आते नको. घर लई चाल."

तिने ते शब्द सावकाश, एकेक करून म्हटले, शाळेत जाणाऱ्या मुलाला निरोप घोकून द्यावा तसे. अभिमनने होकाराची मान हलवली. मग त्याने पिशवी उचलली आणि ते दोघे घरी जायला एस.टी.च्या थांब्याकडे चालू लागले, मध्ये मध्ये थांबत, तिला दम लागत होता म्हणून.

वच्छलाबाई मंगळवार, १७ मार्च १९५९ रोजी, सकाळी सव्वासात वाजता शिंदखेड्याच्या घरी वारली. वय वर्षे बेचाळीस.